गप्पांची आवड : २८ फेऱ्यांच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२५, सोमवार. फेरी १

उद्देश : चारचौघींत बसून गप्पा मारणं मला आवडत नाही. ते आवडावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. आवड लावून घेता येते का, ते बघायचं.

बांधकामाच्या साइटवर रोजनोंद लिहायची वीस वर्षांची सवय आहे. त्यामुळे ही वहीही तशीच : तारीख, माणसं, झालेलं काम, अडचण. मी बांधकामाच्या डिझाइन ऑफिसमध्ये काम करते, फोर्टात. राहायला बदलापूरला. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास लेडीज डब्यात जातो. त्या डब्यात चौदा जणींचा ग्रुप आहे. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या बाकावर कानात इअरफोन घालून बसते. त्या हसून बोलतात, मी हसून मान हलवते.

कारण लिहून ठेवायला हवं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आई गेली. तेराव्याला डोंबिवलीच्या घरात एकवीस बायका आल्या. त्यातल्या अठरा जणी नात्यातल्या नव्हत्या, शेजारच्याही नव्हत्या. गाडीतल्या होत्या. आई निवृत्त होऊन पंधरा वर्षं होत आली होती, तरी आल्या. रडल्या, मग एकीने काहीतरी सांगितलं आणि सगळ्या हसायला लागल्या. हसता हसता पुन्हा रडल्या. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. गर्दीचा हेवा नाही वाटला. एकमेकींत बसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझ्या चेहऱ्यावर कधी आलेलं मला आठवेना. आईला रोज तीन तास ते मिळत होतं.

पद्धत : काँक्रीट ओतलं की दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरतो, पाण्यात ठेवतो, सात दिवसांनी काही फोडतो, अठ्ठावीस दिवसांनी उरलेले. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद दिसते आणि अठ्ठावीसाव्या दिवसाच्या आकड्यावर निर्णय होतो. मी अठ्ठावीस सकाळच्या फेऱ्या ठरवल्या. इअरफोन पिशवीत. ग्रुपच्या बाकावर. रोज दहापैकी तीन आकडे : निघण्याआधीचा अंदाज, गाडीत असतानाचं वाटणं, उतरल्यावरचं वाटणं. मध्येचा आकडा ७ झाला तर प्रकल्प यशस्वी.

आज : आधी १, मध्ये ३, नंतर २. जागा करून दिली. कोणी काही विचारलं नाही, याबद्दल त्यांचे आभार.

१२ ऑगस्ट, मंगळवार. फेरी २

आधी २, मध्ये ३, नंतर २. कुर्ल्यापर्यंत ऐकलं. एकदाही बोलले नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार. फेरी ४

अडचण नेमकी कुठे येते ते आज लक्ष देऊन पाहिलं.

एका वेळी चार विषय चालू असतात. आज अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची फेरी, कोणाच्या तरी सासूबाईंचा गुडघा, दहीहंडीला बंद होणारे रस्ते, आणि ढोकळ्यात सोडा घालायचा की इनो. चारही विषय सगळ्याजणी सांभाळतात. गुडघ्यावरून ढोकळ्यावर जाताना कोणाची गाडी रुळावरून घसरत नाही. मी मात्र एक धागा धरते आणि बाकीचे तीन सुटतात. मनात वाक्य जुळवते, शब्द नीट लावते. तोवर विषय विठ्ठलवाडी सोडून कल्याणला पोचलेला असतो. मग ते वाक्य तसंच राहतं, आणि पुढचा अर्धा तास मी त्या न बोललेल्या वाक्याजवळ बसून असते.

दुसरं : चेहरा सांभाळावा लागतो. हसण्याची वेळ चुकू नये म्हणून दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहते. ठाण्याला जबडा दुखत होता. आवडणाऱ्या माणसाला स्टेशनं मोजावी लागत नाहीत. मी मोजते.

या बायका मला आवडतात, हेही लिहून ठेवते. विठ्ठलवाडीच्या काकू रोज पहाटे चारला उठून दोन डबे करून येतात. कळव्याच्या शाळेत शिकवणारी एक ताई दर महिन्याला सगळ्यांचे भिशीचे पैसे न चुकता जमवते. एकेकीबद्दल विचारा, मी आदराने पानभर लिहीन. आवडत नाही ते एकत्र बसणं. माणसं आवडणं आणि मैफल आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असताना दुसरी नसणं फार बोचतं.

आधी २, मध्ये ४, नंतर २.

१८ ऑगस्ट, सोमवार. फेरी ५

सकाळची नोंद साधी : २, ४, ३. संध्याकाळचं लिहायला हवं.

दिवसभर कोसळत होता. परतीची गाडी उशिरानेच निघाली आणि कुर्ला यायच्या आधी उभी राहिली. बराच वेळ. दिवे चालू, पंखे चालू, बाहेर काळोख आणि पाणी. ग्रुपमधल्या आठ जणी त्याच डब्यात होत्या. त्यातल्या एकीला पाचवा महिना लागलाय. तिला खिडकीची जागा दिली, पाय वर घ्यायला दोन बॅगा एकावर एक ठेवल्या. कोणाच्या पिशवीतून चकल्या निघाल्या, कोणाच्या डब्यात उरलेले भिजवलेले शेंगदाणे.

ती पोरगी घाबरली होती. पाणी डब्यात शिरेल का, असं विचारत होती. मी तिला समजावलं : गाडी चालवणाऱ्या मोटारी खाली चाकांजवळ असतात, म्हणून पाणी रुळांवर चढलं की गाडी थांबवतात. डब्याची फरशी बरीच वर आहे. बोलता बोलता सगळ्या ऐकायला लागल्या. दहा मिनिटं मी एकटी बोलत होते आणि कोणीही विषय बदलला नाही. काकू म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं तू शेजारी बसतेस, आणि हे तुला माहितीये हे आम्हाला माहीतच नाही."

घरी पोचल्यावर आकडे लिहायला बसले आणि अडले. मजा आली का? नाही आली. उपयोगी पडले, त्याचं समाधान होतं. उपयोगी पडणं मला नेहमीच जमलंय. लग्नघरी मी वाढायला उभी राहते, बारशाला भांडी आवरते, मंडळात हिशोब लिहिते. काम हातात असलं की कितीही माणसांत मी तासन् तास राहू शकते. काम काढून घेतलं की हात कुठे ठेवायचे कळत नाही. संध्याकाळची फेरी प्रकल्पात धरत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फेरी नाही. सीएसएमटी ते ठाणे गाड्या बंद. ऑफिसने घरूनच काम करायला सांगितलं.

असा पाऊस झाला की २६ जुलै २००५ निघतोच. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि त्या दिवशी साइट डोंबिवलीतच होती, म्हणून घरी पोचले. आई आणि तिच्या सात मैत्रिणी कुर्ल्याहून रुळांतून चालत निघाल्या. घाटकोपरच्या एका शाळेत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या. साडी चिखलाने कडक झालेली, पायांना फोड. आणि आई हसत होती. पुढची अनेक वर्षं ती रात्र सांगताना ती हसायची. शाळेतल्या बाकावर आठ जणी एकमेकींना टेकून बसल्या, एकीने ओव्या म्हटल्या, एकीने नवऱ्याची नक्कल केली. मला त्या गोष्टीत नेहमी पाणीच दिसायचं. आईला मैत्रिणी दिसायच्या.

२१ ऑगस्ट, गुरुवार. फेरी ७

सात फेऱ्यांची सरासरी : आधी २.१, मध्ये ३.९, नंतर २.६.

अंदाजापेक्षा प्रत्यक्ष बरं जातं, सातही वेळा. हे चांगलं चिन्ह आहे. पण दोन तृतीयांश हिशोबाने ४.७ हवे होते.

३१ ऑगस्ट, रविवार. सुट्टीवर, डोंबिवली

गौरी आणायला दादाकडे आले. उभ्या गौरी आहेत आमच्या, मुखवटे आईच्या कपाटात असतात. मुखवट्यांच्या पेटीखाली माझं एक जुनं पुस्तक सापडलं. कॉलेजात असताना घेतलेलं, मला वाटलं होतं हरवलं. चौतिसाव्या पानावर खूण म्हणून रेल्वेचा पास. शाई पुसट झालीये, तरी वाचता येतं : डोंबिवली ते ठाणे, जानेवारी २०१०.

आई ऑक्टोबर २००९ मध्ये निवृत्त झाली. तिचा पास नेहमी सीएसटीपर्यंतचा असायचा. निवृत्तीनंतर ठाण्याचा पास कशाला? दादाला विचारलं, त्यालाही माहीत नाही. पुस्तक पिशवीत टाकलं.

आईच्या वेळी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगदा १९१६चा, सव्वा किलोमीटरहून जरा लांब. आत शिरलं की आवाजाने बोलणं ऐकू यायचं नाही. आई सांगायची : बोलता बोलता बोगदा आला की सगळ्या होत्या तिथे थांबायच्या, आणि बाहेर आल्यावर ज्या शब्दावर सोडलं त्याच शब्दापासून पुढे. कोणीही विसरायचं नाही. २०२२ पासून फास्ट लोकल त्या बोगद्यातून जात नाहीत. मला आईचं ते एक मिनिट समजतं : चौदा बायका गप्प, प्रत्येकीच्या तोंडात अर्धं वाक्य. त्या शांततेत मी सुखाने बसले असते. बोगदा संपला की पुढचं मात्र मला आलं नसतं.

३ सप्टेंबर, बुधवार. फेरी ११

आधी ३, मध्ये ४, नंतर ३. गौरीच्या नैवेद्याबद्दल विचारलं. मी दोन वाक्यं बोलले, दोन्ही वेळेवर.

९ सप्टेंबर, मंगळवार. फेरी १५

रात्री वाचत बसले होते. शिकागोच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आहे, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. उपनगरातून शिकागोला गाडीने जाणाऱ्या लोकांना तीन गटांत वाटलं. एका गटाने अनोळखी माणसाशी बोलायचं, दुसऱ्याने एकटं बसायचं, तिसऱ्याने रोजच्यासारखा प्रवास करायचा. तशाच दुसऱ्या प्रवाशांना नुसता अंदाज विचारला तेव्हा बोलण्याचा प्रवास सगळ्यांत वाईट जाईल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास सगळ्यांत चांगला गेला.

गाडीतला प्रयोग, आणि तोही अंदाज आणि प्रत्यक्षाचा! माझ्या वहीतले आकडे तेच सांगतायत : आधी कमी, मध्ये जास्त. खूप आनंद झाला. म्हणजे मी चुकीच्या बाजूने भीत होते.

मग सकाळी गाडीत बसल्यावर कळलं की ही माझी परिस्थिती नव्हे. एका अनोळखी बाईशी बोलणं मला आजही जमतं, आवडतंसुद्धा. दोघींचं बोलणं मला लहानपणापासून आवडतं. परवा कोणीतरी म्हणालंच, "मग दोघी-दोघींतच बोल की, कशाला स्वतःला त्रास?" हा सल्ला प्रेमाचा होता. पण मला हवंय ते दुसरंच. चौदा जणींचा जो एकच आवाज होतो, त्यात मला असायचंय. समोर चिवड्याचं ताट असताना कोणी वरणभात पुढे केला, आणि वरणभात उत्तम असला, तरी हात चिवड्याकडेच जातो.

आधी ४, मध्ये ४, नंतर ३.

११ सप्टेंबर, गुरुवार. फेरी १७

काल रात्री दुसरं वाचलं. २०१९, मेलबर्न. लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुख वागायला सांगितलं. सरासरीने लोकांना बरं वाटलं. पण जे मुळातच अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी मिळाला. त्यांना थकवा जास्त आला, आणि आपण आपल्यासारखं वागत नाही आहोत ही भावनाही.

वाचून आधी हलकं वाटलं, मग रडू आलं. इतके दिवस कुठेतरी वाटत होतं की मी आळस करतेय, जोर लावला तर होईल. आळस नसेल तर जोर लावूनही होणार नाही, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो.

आज शेजारच्या डब्यात चढले. खिडकी, इअरफोन, बाहेर ओली हिरवी शेतं. आधी ८, मध्ये ८, नंतर ५. नंतरचा पाच का? भायखळ्याला मोबाइल वाजला. ग्रुपवर काकूंचा मेसेज : "आज दिसली नाहीस. बरी आहेस ना?" त्या एका ओळीने तीन गुण गेले.

फ्रँकफर्ट नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ साली एक भेद मांडला. चहा प्यावासा वाटणं ही एक इच्छा. मला अमुक हवंसं वाटावं, अशी इच्छा ही त्याच्यावरची. माणूस आपल्या इच्छांबद्दलही इच्छा धरतो, आणि माणूसपणाचा तो मोठा भाग आहे, असं त्याचं म्हणणं. मला हे इंजिनिअरच्या डोळ्यांनी दिसतं : माझा वरचा मजला पक्का उभा आहे आणि त्याखाली खालचा मजलाच नाही. कागदावर असं होऊ शकत नाही. तरी तो उभा आहे, दीड वर्षं. कशावर उभा आहे, ते शोधायला हवं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. फेरी १८

परत बाकावर. "काल डबा चुकला का गं?" "नाही, शांत बसायचं होतं." कोणाला वाईट वाटलं नाही. एकीने शेंगदाण्याची वडी हातावर ठेवली.

३, ४, ३.

२२ सप्टेंबर, सोमवार. फेरी २४

घटस्थापना. आजचा रंग पांढरा. डबाभर पांढऱ्या साड्या आणि पांढरे ड्रेस. कल्याणला चढणाऱ्या बायका आत येताच एकमेकींकडे बघून हसतात, बोलायची गरजच नसते. मीही पांढरा कुर्ता घातला होता. काहीही न करता मी त्यांच्यातली एक दिसत होते. फोटोत मी आहे. तो फोटो मी चारदा पाहिला. फोटोतली ती मला ओळखीची वाटली नाही, पण ती मला आवडली.

४, ५, ३.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. फेरी २८

आज हिरवा. अठ्ठावीस पूर्ण.

शेवटच्या सात फेऱ्यांची सरासरी : आधी ३.४, मध्ये ४.१, नंतर ३.०.

आकड्यांतून काय दिसतं ते सरळ लिहिते. वाढलाय तो आधीचा अंदाज. म्हणजे भीती कमी झाली. आता त्या बाकाकडे जाताना पोटात गोळा येत नाही. मध्येचा आकडा ३.९ वरून ४.१ झाला, याला वाढ म्हणत नाहीत. आवड लागलेली नाही. ठरवलेली ताकद आली नाही.

साइटवर ठोकळा नापास झाला तर स्लॅब लगेच पाडत नाहीत आणि आकडाही लपवत नाहीत. बांधलेल्या भागातूनच गोल तुकडा कापून काढतात, कोअर म्हणतात त्याला. आपल्या कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, कोअरची सरासरी ठरवलेल्या ताकदीच्या ८५ टक्के असावी लागते आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली चालत नाही. ठोकळा वेगळा भरलेला असतो, वेगळा जपलेला असतो. खरं काय बसलंय ते कोअर सांगतो.

माझा कोअर कुठे काढायचा हे दोन दिवस डोक्यात आहे. आईच्या गाडीतल्या एक मावशी डोंबिवलीतच राहतात. तेराव्याला सगळ्यांत आधी आलेल्या.

२८ सप्टेंबर, रविवार. डोंबिवली

मावशींकडे तीन तास बसले. चौऱ्याहत्तरीच्या आहेत. सुरळीच्या वड्या केल्या होत्या.

सरळ विचारलं : आईला हे आवडायचंच ना? की तिनेही लावून घेतलं होतं? मला वाटलं होतं, म्हणतील की सुरुवातीला तीही बुजायची. तसं काही म्हणाल्या नाहीत. "छे गं. पहिल्या दिवशी चढली आणि ठाण्यापर्यंत सगळ्यांची नावं पाठ. तिला ते यायचंच. आम्ही शिकलो तिच्याकडून."

मग मी पास दाखवला.

त्यांनी तो हातात घेतला, चष्मा लावला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आई निवृत्त झाल्यावर चार-पाच महिने सकाळच्या गाडीला यायची म्हणे. डोंबिवलीला चढायची, ठाण्याला उतरून परत. कोणाला घरी सांगू नका म्हणायची. दुपारी घर खायला उठायचं तिला. आणि बरोबर पुस्तक असायचं.

"तुझं नाव घ्यायची सारखी. म्हणायची, माझी लेक पुस्तक घेऊन बसली की तिला जग लागत नाही. मला तिच्यासारखं बसता यायला हवं, आता पुढची वर्षं तशीच काढायचीत. म्हणून पुस्तक आणायची. घरी दोन ओळींच्या पुढे जायचं नाही म्हणून गाडीत आणायची. उघडायची, मांडीवर ठेवायची. आणि बोलत बसायची आमच्याशी. रोज. किती पानं झाली विचारलं की म्हणायची, होतील."

चौतीस झाली होती.

मला आठवलं. त्या काळात मी रविवारी घरी वाचत बसले की आई समोर येऊन बसायची. काही बोलायची नाही, नुसती बघायची. मला वाटायचं, तिला काहीतरी सांगायचंय आणि मी पुस्तक मिटत नाही म्हणून रागावलीये. मी म्हणायचे, "काय गं?" ती म्हणायची, "काही नाही, वाच तू."

निघताना मावशींनी पास परत दिला नाही. थोड्या वेळाने दिला.

कोअरचा आकडा लिहित नाही. पण वरचा मजला कशावर उभा आहे, ते मला कळलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून गाडीची पूजा आज. पहाटे प्लॅटफॉर्मवर पाच जणी होतो. झेंडू आणि आंब्याची पानं ओवायचं काम मी मागून घेतलं. गाडी लागली की दारांना, खिडक्यांना, वरच्या कड्यांना तोरणं. देवीचा फोटो, नारळ, पेढे. मोटरमनना हार घालायला दोघी धावत पुढे गेल्या. अंबरनाथ सोडल्यावर आरती झाली. उल्हासनगरच्या बायका चढल्या त्या टाळ्या वाजवतच चढल्या.

कल्याणनंतर इतक्या गर्दीतही दोन हातांची जागा करून फुगडी झाली. मला ओढलं. घातली एक. चक्कर आली, काकूंनी धरलं. मग दाराजवळ जाऊन उभी राहिले, वारा घेत. आत गाणी चालू होती. मला आत जावंसं वाटलं नाही आणि उतरावंसंही वाटलं नाही. आधी कधी असं झालं नव्हतं, म्हणून नोंदवते.

आपट्याची पानं सगळ्यांनी एकमेकींना दिली. मला तेरा मिळाली. पुस्तकात ठेवली.

आधी ४, मध्ये ५, नंतर ५.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फेऱ्या संपल्या तरी वही चालू ठेवतेय. काल कोजागरी होती, सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवायचं काम केलं. दूध संपल्यावर अर्धा तास बसले. आकडे नाही काढले.

आज सकाळी बाकावर बसून सांगितलं की मी काही दिवस इथेच बसून वाचणार आहे, चालेल ना? "चालेल की, विचारायचं काय त्यात," म्हणाल्या आणि पुढे निघाल्या दिवाळीच्या फराळावर. कोण विकतच्या भाजणीची चकली करणार यावर जोरात वाद झाला. मी चौतिसाव्या पानावरून सुरुवात केली. एक ओळ, मग चकली, मग तीच ओळ. घरी हे पुस्तक एका बैठकीत झालं असतं. डोंबिवलीला चढणाऱ्या बायका आत आल्या तेव्हा मी पस्तिसाव्या पानावर होते. ठाण्याला छत्तिसाव्या. मध्ये एकदा मान वर करून मीही एक वाक्य बोलले : मोहन कमी पडलं की चकली कडक होते. ते आईचं वाक्य होतं. त्यावर तीन जणी बोलल्या.

पास छत्तिसाव्या पानावर ठेवला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मंगळवारी, १४ तारखेला, गाडीत डोहाळजेवण. त्या पावसात खिडकीशी बसवलेल्या मुलीचं. सातवा लागला. हिरवी साडी ग्रुपकडून, फुलांचे दागिने कळव्याच्या ताई आणणार, ओटीचं विठ्ठलवाडीच्या काकूंकडे. नारळाच्या वड्या माझ्याकडे : चाळीस. मी वाटप करायला उभी राहते म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "नाही, यंदा तू बसायचंस. तिच्या शेजारी. वड्या बाकीच्या वाटतील."

अंदाज ३. बसणार आहे.